डोकं उतरेपर्यंत

मला येणारी फिट मी स्वतः कधीच पाहिलेली नाही. नवऱ्याने पाहिली आहे, सासूबाईंनी पाहिली आहे, महाळुंग्याच्या कंपनीत माझ्या टेबलाला बसणाऱ्या बायकांनी पाहिली आहे. त्या सांगतात तेवढंच मला ठाऊक: डोळे वर गेले, अंग ताठ झालं, मग झटके, तोंडाला फेस, आणि दीड-दोन मिनिटांनी घोरल्यासारखा श्वास. माझ्या वाट्याला येतं ते त्यानंतरचं. शुद्ध येते तेव्हा जीभ चावलेली असते, मांड्या-पोटऱ्या आंबलेल्या असतात आणि डाव्या कपाळापासून मानेपर्यंत डोकं ठणकत असतं. पाट्यावर वरवंटा फिरत राहावा तसं, थांबत म्हणून नाही. तो दिवस त्यातच जातो, कधी दुसऱ्या दिवसाची दुपारही. या आजारात सगळ्यात त्रास कशाचा, असं कोणी विचारलं की मी डोकेदुखी सांगते. समोरच्याला ते खरं वाटत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे झटके असतात.

मी मूळची लातूरकडची. लग्न होऊन मोशीला आले. भोसरी, मोशी, कुरुळी, चाकण या पट्ट्यात मराठवाड्यातून पोटासाठी आलेली घरं गल्लोगल्ली सापडतील. नवरा भोसरी एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामाला आणि मी गाड्यांच्या प्लास्टिक पार्टच्या तपासणीला, ठेकेदाराकडून. पार्ट उचलायचा, पांढऱ्या ट्यूबखाली तिरका धरायचा, चरा आहे का, कडेला जादा प्लास्टिक राहिलंय का ते बघायचं आणि ठेवायचा. शेजारी मोल्डिंगची मशिनं चालू, मागून फोर्कलिफ्टचा हॉर्न. डोकं धड असेल तर या कामाचं काही वाटत नाही. पण फिटनंतर डोकं चढलेलं असताना तो ट्यूबचा उजेड डोळ्यांत घुसतो आणि हॉर्न वाजला की पोटात ढवळून येतं.

धाकटा वर्षाचा झाला त्या सुमारास पहाटे पहिली फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला एक जुना, चुना धरलेला ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या टेपवर्मच्या अंड्यांमुळे झालेली ही गाठ आहे, ती आता वाळली आहे. सासरे माळकरी, पंढरीची वारी करणारे. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. त्यांना ते फार लागलं. डॉक्टरांनी त्यांना जवळ बसवून नीट सांगितलं: मांस खाण्यातून जंत पोटात होतो, पण ही मेंदूतली गाठ होते ती त्या जंताच्या अंड्यांमुळे. ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या विष्ठेतून ती अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातांतून कुणाच्याही पोटात जातात. शाकाहारी माणसालाही हे होतं. आपल्या देशात फिट येण्याचं हे एक मोठं कारण आहे. त्या दिवसापासून आमच्याकडे कोथिंबीर आणि मेथी दोनतीनदा धुतल्याशिवाय विळीवर येत नाही.

गोळी सुरू झाली, फिट कमी झाल्या. ओपीडीत रांग मोठी असते. आत गेलं की प्रश्न ठरलेले: फिट आली का? गोळी चुकली का? झोप होते का? डोक्याबद्दल कोणी विचारलं नाही. घरचेही म्हणत, एवढी मोठी फिट येऊन गेली, डोकं तर दुखणारच. एका भेटीत मात्र दुसऱ्या एक डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, ‘फिट थांबल्यावर पुढे काय होतं? उठून कामाला लागता का?’ मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकून घेतलं.

त्यांच्याकडून कळलं की फिटनंतरची डोकेदुखी पुष्कळांना होते आणि डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची वेगळी नोंद आहे. फिट थांबल्यापासून 3 तासांच्या आत ती सुरू होते आणि 72 तासांच्या आत थांबते. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते त्याच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना. फिटमध्ये मेंदूच्या पेशी एकदम जादा चालतात, त्यानंतर रक्तवाहिन्या आणि त्यांच्याभोवतीच्या नसा चाळवल्या जातात आणि अर्धशिशीसारखंच दुखणं लागतं: ठणका, उजेड नको, आवाज नको, उलटी. झटक्यांत मान आणि जबडा आवळला गेलेला असतो, त्याचंही दुखणं त्यात मिसळतं. कोणी दातांत चमचा घालून माझं तोंड उघडायला बघितलं की दुसऱ्या दिवशी जबडा दुप्पट दुखतो. म्हणून तोंडात काही घालू नका, हे मी आता सगळ्यांना बजावून ठेवलं आहे.

गोळ्यांचंही त्यांनी ठरवून दिलं. पूर्ण शुद्ध येऊन पाणी नीट गिळता येऊ लागलं की लगेच पॅरासिटामॉल, ठणका वाढायची वाट न बघता. उलटीची गोळी आधी. मेडिकलवाल्याने दिलेली कुठलीही स्ट्रिप घ्यायची नाही, कारण ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या औषधाने फिट येण्याची शक्यता वाढते. काही अँटिबायोटिकचंही तसंच आहे. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलं तरी फिटचा आजार आहे हे पहिलं सांगायचं. आणि साधी दुखण्याची गोळीसुद्धा महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशी महिनोन्‌महिने घेत राहिलं तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध फिट आणि अर्धशिशी दोन्हींवर चालतं, पण त्याने गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून माझ्या वयाच्या बाईला ते द्यायला नको असं त्यांचं मत पडलं. एक वही घालायला सांगितली: फिट कधी, डोकं कधी चढलं, कधी उतरलं.

त्या वहीचा उपयोग पुढच्या पावसाळ्यात झाला. सेकंड शिफ्ट लागली होती. सुटून तळेगाव चौकातल्या कोंडीतून घरी पोचेपर्यंत मध्यरात्र, आणि सकाळी पोरांची शाळा. झोपेची वाट लागली आणि फिट आली. डोकं नेहमीसारखं दुखू लागलं, पण दुसऱ्या दिवशी उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी थोडं हलकं वाटलं आणि पुन्हा चढलं. उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. सासूबाई म्हणाल्या, ‘नजर लागलीय, मीठमोहऱ्या उतरवते.’ त्यांनी उतरवल्याही, मायेनेच. मी वही उघडून नवऱ्याला दाखवली: ‘अहो, एवढं कधी लांबलेलं नाही. 72 तास उलटून गेलेत.’ त्यांनी सुट्टी टाकली आणि मला घेऊन निघाले.

नव्या एमआरआयमध्ये त्या जुन्या ठिपक्याभोवती सूज दिसली. वाळलेल्या गाठीभोवतीही कधीकधी अशी सूज येते, तीच फिटही आणते आणि डोकंही दुखवते. दाखल करून घेतलं, उपचार झाले, सूज उतरली आणि मागोमाग डोकंही उतरलं. ‘फिटनंतर दुखतंच’ म्हणून आम्ही घरी बसलो असतो तर पुढे काय झालं असतं, याचा विचार मला अजूनही झोपू देत नाही. म्हणून लाइनवरच्या मुलींना मी हे पाठच करून ठेवलं आहे: नेहमीपेक्षा वेगळं किंवा एकदम फुटल्यासारखं दुखलं, ताप येऊन मान आखडली, पडताना डोक्याला मार लागला आणि उलट्या होऊ लागल्या, एका बाजूचं बळ गेलं, गुंगी उतरेना, तर घरी ठेवायचं नाही. झटके 5 मिनिटांच्या वर गेले किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी फिट आली तर 108 ला फोन.

या बायकांचे माझ्यावर उपकार आहेत. एक जण घड्याळ बघते, एक मला कुशीवर वळवते, एक जण पार्टची ट्रे बाजूला ओढते. पूर्वी कांदा नाकाला लावायच्या, चप्पल हुंगवायच्या, भोवती घोळका करायच्या. आता मला फर्स्ट एडच्या खोलीत नेतात, ट्यूब बंद करतात, ओली पट्टी कपाळावर ठेवतात आणि प्रश्न विचारत नाहीत. फिटनंतर बोलायला लावणं ही शिक्षा असते. शब्द सापडत नाहीत आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर ठणका वाढतो. हे त्यांना मी सांगितलं म्हणून कळलं. जाऊबाईंचं म्हणणं होतं की आजार लपव, काम जाईल. मी लपवला नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी अपस्मार असणाऱ्यांसाठी ‘संवेदना’ हा आधारगट उभा केला. लेखक अनिल अवचटांच्या या मुलीने स्वतः हा आजार सोसला आहे. त्यांच्याविषयी वाचल्यावर मला धीर आला होता.

सेकंड शिफ्ट आता बंद झाली आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सुपरवायझर सरांनी मला जनरल शिफ्टला घेतलं. झोप पुरी होते आणि फिट लांबल्या आहेत, आणि फिटच नाही आली तर डोकंही दुखत नाही. पैशांचा प्रश्न मात्र तसाच आहे. आमचा ईएसआय कापला जातो. आजारपणाच्या रजेत त्यातून पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पण नियमाप्रमाणे आजारपणाचे पहिले दोन दिवस धरत नाहीत, आधीचं आजारपण पंधरा दिवसांच्या आतलं असेल तरच धरतात. माझं डोकं नेमकं त्या दोन दिवसांतच दुखून उतरतं. ठेकेदाराकडे पगारी रजा नाही. म्हणून बायका चढल्या डोक्याने कामावर येतात, ट्यूबखाली बसतात, चरा असलेला पार्ट हातून निसटतो आणि बोलणी खातात. अर्धशिशीवाल्या आमच्यात कमी नाहीत, त्यांचंही हेच.

मागच्या महिन्यात मी ठेकेदाराकडे अर्ज दिला आहे: फिटनंतरचे दोन दिवस भरपगारी धरावेत, निदान एक तरी. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. तीत आधी फक्त ‘अपस्मार’ लिहिलं होतं. मी परत जाऊन ‘फिटनंतरची तीव्र डोकेदुखी’ असं लिहून घेतलं. उत्तर अजून यायचं आहे.