थवा येईपर्यंत

नवी मुंबईत पक्षी म्हटलं की लोकांना खाडीतले फ्लेमिंगोच आठवतात. ते उघड्यावर असतात, दुर्बीण लावली की दिसतात. रानपाखरांसाठी मात्र पनवेलच्या पुढे कर्नाळ्याला जावं लागतं, आणि तिथे डोळ्यांआधी कान कामाला येतात.

१९६८ साली अभयारण्य झालेलं हे रान १२.११ चौरस किलोमीटरचं. मोरटाक्याच्या वाटेला लागल्यावर कधी कधी बराच वेळ एकही पाखरू नजरेस पडत नाही. नवखे कंटाळून पुढे जातात. मी एका जागी उभा राहतो. हिवाळ्यात इथले बरेच पक्षी वेगवेगळ्या जातींचा एकच थवा करून चरत हिंडतात, त्यामुळे थवा नसला की रान ओस वाटतं. तो येतोय हे आधी झुडपांतून कळतं. तपकिरी गालांच्या बारक्या सातभाईंची किलबिल सुरू होते, मग पानं हलतात. नीलमणी खालच्या फांद्यांत भिरभिरतो, शेंड्याला निखार दिसतात, एखादा सुतार खोडावर टकटक करत वर सरकतो. मागोमाग भृंगराज. शेपटीच्या लांब तारांच्या टोकांना पिसांचे पल्लव, ते त्याच्यामागून उडत येतात. बाकीच्यांनी उठवलेले किडे तो हवेतच टिपतो आणि पहाराही करतो. शिक्रा दिसला की त्याची कर्कश हाक उठते आणि सगळे जागच्या जागी गप्प. म्हणून माझ्या वहीत मी नुसती यादी करत नाही. आधी कोण आलं, कोण कोणामागे होतं, कुठल्या उंचीवर चरत होतं, हे लिहितो. माझ्या मते पक्षिनिरीक्षणाचा खरा कस तिथेच लागतो.

मुंबई–गोवा महामार्ग याच रानातून जातो. वाहनांची वर्दळ वाढली की सातभाईंचा आवाज त्यात बुडतो. त्यामुळे पहाट गाठावीच लागते.

पावसाबरोबर तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा हा पक्षी ओहोळाच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो आणि पिलांसाठी सापसुरळ्या, बेडूक, खेकडे आणतो. बिळासमोर माणसं ठाण मांडून बसली की चोचीत घास धरून तो फांदीवर ताटकळतो, आत पिलं उपाशी राहतात. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला तर दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून तो बीळ सोडून धावतो. पावसाळ्यात कर्नाळ्याला जरूर जा, पण बिळापासून लांब उभे राहा आणि मोबाइल खिशातच ठेवा.