अर्ध्या सुताचं देणं

चाळीस फ्रेमांपैकी एकोणचाळीस परत आल्या. एक आली नाही, कारण ती साहेबांच्या खुर्चीमागं आधीच ठोकून झाली होती.

ही 2017 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. चामोर्शीत माझं लहानसं फर्निचरचं काम. आदल्या दिवाळीत नागपूरहून दहा इंची पात्याची मायटर सॉ आणली होती, हप्त्यांवर. तोवर पंचेचाळीसचा काट म्हणजे लाकडी पेटीत हातकरवत घालून घासत बसणं. आता खटका दाबला की दोन सेकंदांत काम. ज्याला त्याला मशीन दाखवत होतो. तेवढ्यात एका संस्थेकडून सागवानी फोटोफ्रेमांची ऑर्डर आली. सव्वा इंची चपटी पट्टी, मागून काचेसाठी खाच, चार कोपरे. सोपं काम.

प्रत्येक फ्रेमचे तीन कोपरे घट्ट बसायचे आणि चौथा तोंड वासायचा. मी भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फटी भरल्या, वरून पॉलिश मारलं. पॉलिशनं फट लपत नाही, उलट काजळ घातल्यासारखी उठून दिसते, हे त्या दिवशी कळलं.

मशीन बिघडलं नसणार असं मी धरून चाललो होतो, कारण दोनच दिवसांपूर्वी मी ते स्वतः नीट केलं होतं. नवीन स्टीलचा गुण्या पात्याला लावला होता, मागच्या आडपट्टीचे बोल्ट ढिले करून पट्टी गुण्याला टेकवली होती आणि पुन्हा आवळली होती. पुस्तिकेतल्या चित्रात दाखवलंय तसंच.

बायको म्हणाली, मार्कंड्याच्या वाढईबाबांना विचारा. सुतार या शब्दापेक्षा आमच्याकडे वाढई जास्त चालतो. हे बाबा तिच्या मामाघरच्या ओळखीचे. आमच्या घरची जुनी बैलबंडी त्यांच्याच हातची, म्हणजे देण्याघेण्याचा धागा माझ्या वडिलांपासूनचा. तरुणपणी त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांसाठी पडद्यांच्या चौकटीही ठोकल्या होत्या. रात्रभर नाटक आणि पहाटे चौकटी सोडून बंडीत भरायच्या. ‘सुटली पायजे आन पुन्हा जुरली पायजे,’ असं ते त्या चौकटींबद्दल सांगत. झाडीबोलीत ळ चा र होतो, तेव्हा जुळणं म्हणजे जुरणं.

मी खरं तर नाइलाजानं गेलो. ज्या माणसानं आयुष्यात मायटर सॉ पाहिली नाही, तो मला काय सांगणार?

मार्कंड्यात महाशिवरात्रीची यात्रा तोंडावर होती. देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर दुकानांचे बांबू पडले होते. वैनगंगा इथं उत्तरेकडं वाहते, म्हणून या जागेचं मोठं माहात्म्य. पल्याडच्या काठापासून चंद्रपूर जिल्हा. बाबा अंगणात करवतीला धार लावत बसले होते. दोन फळ्यांच्या मध्ये करवत चिमटलेली, तिधारी कानस एका दातावरून दुसऱ्यावर, एक सोडून एक. मी दोन परत आलेल्या फ्रेमा पुढं ठेवल्या. त्यांनी कानस खाली ठेवली नाही. नुसतं वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘फट आतून हाय का बाहेरून?’

मला प्रश्नच कळला नाही.

मग त्यांनी समजावलं. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यातलं ओलसर लाकूड कापून जोडलं आणि पुढं उन्हाळ्यात ते आवळलं, की चारही कोपरे आतल्या बाजूनं उघडतात, बाहेरची टोकं मात्र चिकटलेली राहतात. कोरडं लाकूड कापलं आणि पावसाळ्यात ते फुगलं, तर उलटं होतं. चंद्रपूरचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. पण मला सांगावं लागलं. ‘लाकडाचा दोष चारी कोपऱ्यात सारखा वाटला जाते. तुझे तीन बंद, एक उघडा. हा लाकडाचा नाही गा.’

म्हणजे मशीनचा. मी म्हटलं, मशीन मी गुण्यानं तपासलंय.

‘आन गुण्या कशानं तपासला?’

गाडीच्या डिकीत गुण्या होता. आठ इंची, चकचकीत, इंच आणि मिलिमीटर दोन्ही कोरलेले. बाबांनी एक रंधलेली फळी घेतली, तिच्या सरळ कडेला गुण्या टेकवला आणि पेन्सिलीनं रेघ मारली. मग गुण्या पालथा घालून त्याच कडेला, त्याच बिंदूवरून दुसरी रेघ मारली. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकावर एक पडायला हव्यात. माझ्या गुण्याच्या रेघा खालून एक होत्या आणि वर जाता जाता फाकल्या होत्या. आठ इंचांवर अर्धं सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. अर्धं सूत म्हणजे दीड मिलिमीटर. उलटल्यानं चूक दुप्पट दिसते, तेव्हा गुण्याची खरी चूक त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम पाव अंश.

मग त्यांनी आपला लाकडी गुण्या आणला, घरी केलेला, कडा हाताळून काळ्या पडलेल्या. त्याच्या दोन रेघांची एकच रेघ झाली.

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. पट्टी चपटी असल्यानं मी मशीन एकाच बाजूला पंचेचाळीसवर वळवून, पट्टी उलटीपालटी करून सगळे काट घेतले होते. चार कोपऱ्यांना आठ काट. प्रत्येकात पाव अंशाची चूक, तीही एकाच दिशेची. आठ पावांचे झाले दोन अंश. तीन कोपरे दाबून घट्ट बसवले, की ते दोन्ही अंश चौथ्यात साठणार. सव्वा इंची पट्टीचा तिरका काट पावणेदोन इंचांचा. त्यावर दोन अंश म्हणजे जवळजवळ अर्धं सूत. गुण्याच्या रेघांत दिसलेलं अर्धं सूत जसंच्या तसं माझ्या फ्रेमांच्या कोपऱ्यात येऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः आले. मोटरसायकलवर माझ्या मागं बसून, मांडीवर लाकडी गुण्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. मशीनभोवती एक फेरी मारली आणि पहिलं काम केलं ते प्लग काढण्याचं. खटका बंद होता तरी.

मग मी गुण्या पात्याला लावून दाखवला, आधी लावला होता तसा. त्यांनी माझं मनगट धरलं. ‘दात कुठे हाय, पत्रा कुठे हाय?’ हातकरवतीचे दात एक डावीकडं, एक उजवीकडं फाकवलेले असतात, पत्रा लाकडात अडकू नये म्हणून. चकतीचे दात फाकवलेले नसतात, पण त्यांच्या टोकांवर बसवलेले कठीण तुकडे पत्र्याहून जाड असतात. गुण्या दाताला लागला की मापात खोट आलीच. दोन दातांच्या मधल्या जागेत, उघड्या पत्र्याला गुण्या टेकवायचा. पत्रा तरी सरळ आहे ना, हे पाहायला त्यांनी एका दाताला खडूची खूण केली, चकती हातानं थोडीथोडी फिरवली आणि प्रत्येक ठिकाणी गुण्या लावून पाहिला. चक्रावर घडा पाहणाऱ्या कुंभारासारखं. या कामाला पंधरा-वीस मिनिटं गेली आणि मला कंटाळा आला, हे कबूल करतो.

आडपट्टीचे बोल्ट ढिले करून पट्टी लाकडी गुण्याला टेकवली. एक बोल्ट आवळला की पट्टी केसभर सरकते, म्हणून सगळे थोडेथोडे, आळीपाळीनं आवळले. मग उभा काट पाहिला. पातं मेजाशी काटकोनात उभं आहे का, यासाठी मागं एक अडणीचा स्क्रू असतो, चेकनटासकट. तोही पाव फेरी फिरवावा लागला. काटा शून्यावर आणणं सगळ्यात शेवटी. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सुरुवातच काट्यापासून केली होती.

पण बाबांचा विश्वास गुण्यावरही नव्हता. फळी आणा म्हणाले, चार इंच रुंद, दोन्ही कडा समांतर. नव्वदला कापायला लावली. एक तुकडा जागीच ठेवला, दुसरा उलटा घातला, दोघांच्या कडा आडपट्टीला दाबल्या आणि कापलेली तोंडं भिडवून मागून टॉर्च मारायला सांगितलं. उजेड आला नाही. मग त्यांनी बोटाचं नख सांध्यावरून फिरवलं. नख अडलं नाही.

माझ्या डोक्यात एकोणचाळीस फ्रेमा होत्या. विचारलं, हे सगळं न करता काही झटपट उपाय नव्हता का? बाबा हसले. होता. कोपऱ्याचा एक काट मशीन डावीकडं वळवून घ्यायचा, दुसरा उजवीकडं. आडपट्टीच तिरकी असेल, तर एक पाव अंशानं जास्त येतो, एक तेवढाच कमी, बेरीज नव्वद. चूक चुकीला खाते. फट दिसत नाही. फक्त दोन तिरक्या कडांची लांबी सारखी राहत नाही आणि कोपऱ्याचं टोक किंचित पुढं येतं. ‘यात्रेतल्या दुकानाले चालते. घराले नाही.’

मी त्यांना जेवायला थांबवलं, पैसे पुढं केले. जेवले, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, नागपूरला गेलास तर एक तिधारी कानस आण, सहा इंची. आणि लाकडी गुण्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. मला वाटलं होतं, ठेवून जातील. तसं मी सुचवूनही पाहिलं.

‘तुझा तू कर.’

त्यांच्या अंगणात मला चार दिवस लागले. जुन्या चौकटीचं, वर्षानुवर्षं वाळलेलं सागवान त्यांनीच काढून दिलं. पहिले दोन गुण्ये रेघेवर फाकले. तिसरा सांध्यात हलला. चौथा उतरला. दुपारी काम थांबलं की आम्ही देवळापाशी जाऊन सावलीत बसत असू. 1873-74 च्या दौऱ्याच्या अहवालात पुरातत्त्व खात्याच्या कनिंगहॅमनं या देवळांची नोंद केली, हे मी शाळेत शिकलेलं. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते दगडाला दगड कसा चुन्याशिवाय बसलाय, तिथं अंगठा फिरवत आणि गप्प बसत.

त्या फ्रेमा मी पुन्हा केल्या, स्वतःच्या लाकडात. त्या व्यवहारात तोटाच झाला.

2023 च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या डेपोतून आलापल्लीकडचं सागवान वाजतगाजत रवाना झालं, तेव्हा सगळ्या झाडीत कौतुक चाललं होतं. मी बाबांना मोबाइलवर मिरवणूक दाखवली. ओंडके पाहून त्यांनी मान डोलावली. ‘लाकूड चांगलं हाय. गुण्या कोनाचा हाय, ते पा.’

आता त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतो, करवत नातवानं माळ्यावर टाकली आहे. तरी दर शिवरात्रीला मी गेलो की पहिला प्रश्न तोच, कानस आणली का? मी देतो. ते दातांवर अंगठा फिरवून बघतात आणि उशाशी ठेवतात. तिथं आता सात-आठ नव्या कानशी झाल्या आहेत, एकही वापरलेली नाही. यंदाचीही पिशवीत टाकली आहे. सहा इंची.