नावं सांभाळणारी माणसं

आज पुन्हा 'वर्म्स' चाळत बसलो. समुद्री जीवांची ही जागतिक नोंदवही २००७ पासून आहे. तांत्रिक कारभार बेल्जियममधल्या ओस्टेंडहून चालतो. नोंदी तपासतात मात्र देशोदेशीचे शेकडो तज्ज्ञ संपादक, आपलं रोजचं काम सांभाळून, बिनपगारी. उत्तर अटलांटिकच्या खडकांवरची चिमुकली गोगलगाय घ्या, लिटोरिना सॅक्सॅटिलिस. ऑलिव्ही या निसर्गअभ्यासकाने तिचं वर्णन १७९२ मध्ये केलं. पण शंखाचा रंग, आकार जागोजागी वेगळा, त्यामुळे तिचं पुन्हापुन्हा बारसं होत गेलं. एकूण ११३ नावं! कुणीतरी जुनी वर्णनं ताडून ती सगळी एकाच जीवाखाली आणली. केवढी चिकाटी ही! नावांचा घोळ मिटल्याशिवाय कोणता जीव कुठे उरलाय, हेच कळत नाही. या नोंदी वापरणाऱ्यांनी संदर्भ देताना संपादकाचं नाव आवर्जून लिहावं.