बाही आणि मुंढा

अक्काकडे फॅशनचे जास्तीचे पैसे पडत. फुग्याची बाही, पाठीला नाडी, गळ्याला लेस, प्रत्येकाचा आकार वेगळा. साध्या चार टकी ब्लाउजची शिलाई ठरलेली असे. पण आधी शिवलेला ब्लाउज घट्ट झाला म्हणून सैल करून घ्यायला कुणी आलं, तर ती एक पैसा घेत नसे. ‘कापड तुजंच हाय. आत ठेवलं हुतं, भाईर काडलं,’ म्हणायची आणि उसवायला घ्यायची.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या शेजारचं घर तिचं. रस्त्याकडच्या सोप्यात पायानं चालवायचं मशीन, भिंतीला खुंट्या, खुंट्यांना कागदाचे कापलेले फर्मे. नात्यानं ती आमची कोणी नव्हती. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. दिवस झाल्यावर अक्कानं आईला कसलाही धीर वगैरे न देता मला हाक मारली आणि हुकांची पुडी हातात ठेवली. ब्लाउजमागं ठरावीक पैसे. हूक, आय, गळ्याच्या उरेब पट्टीची हातशिलाई ही माझी कामं. माझी कॉलेजची फी त्यातून गेली. पुढं मुंबईला शिवणकाम-डिझाइनच्या कोर्सला गेले, नोकऱ्या केल्या, आता पुण्यात मुलामुलींना कपड्यांची रचना शिकवते. त्या सगळ्याचा उगम म्हणजे ती पुडी. पण पैशाचं ऋण त्यातल्या त्यात फेडता येण्यासारखं. दुसरं जे घेतलं, ते फेडायचं कसं हे मला अजून सुचलेलं नाही.

माझे विद्यार्थी ‘क्लासिक’ हा शब्द फार वापरतात. त्यांच्या मनात त्याचं एक चित्र असतं: फिका रंग, हातमागाचं कापड, बंद गळा, नक्षी नाही. जे साधं ते कालातीत आणि जे नटलेलं ते चार दिवसांचं. अक्काला हे पटलं नसतं. ती स्वतः जन्मभर इरकली नेसली, अंगात एकरंगी, पदर लाल रेशमाचा, त्यावर पांढऱ्या गोपुरांची ओळ. पण गिऱ्हाइकानं कितीही नखऱ्याची बाही सांगितली तरी तिनं नाक मुरडलेलं मला आठवत नाही. उलट फुगा नीट उभा राहावा म्हणून आतून जाळीची पट्टी लावायची खटपट ती मन लावून करी. कापताना एकदा म्हणाली, ‘फॅशन बाहीत असती बग. मुंड्यात न्हाई. हात वर करून फळीवरचा डबा काडता आला पायजे, मग बाहीला काय बी कर.’

मुंढा म्हणजे खांद्यापासून काखेपर्यंतची ती वाटोळी काप. ती पाव इंच इकडची तिकडं झाली की ब्लाउज एकतर काखेत रुततो नाहीतर हात उचलला की सगळाच्या सगळा वर चढतो. अक्का सगळ्यांत जास्त वेळ इथं घालवी. गळ्याला तिला तेवढा वेळ लागत नसे. कापड आदल्या रात्री भिजवून, सावलीत वाळवून घेतलेलं असे, कारण टू बाय टू रुबिया असली तरी आटायची ती आटतेच. मग उभा धागा बघून फर्मा ठेवायचा. आणि दोन्ही कुशींना दीड-दीड इंच माया. ही माया नुसती सोडायची नाही. एकीच्या बाजूला एक अशा तीन शिलाया मारून ठेवायच्या. अंग भरलं की आतली एक उसवायची, पुढची तयारच असते. बाळंतपणं, आजारपणं, वय, सगळ्याचा हिशेब त्या तीन ओळींत धरलेला. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ गडद रंग पट्टीसारखा दिसे. बायका त्याला हसत, पण ब्लाउज टाकत नसत.

मुंबईत पहिल्या नोकरीत मी तयार कपड्यांच्या कारखान्यात होते. तिथं ओव्हरलॉकचं मशीन शिवता शिवता कड कापून टाकतं, आत जेमतेम सेंटिमीटरभर कापड उरतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. हजारो नगांत प्रत्येकी दोन इंच वाचले तर कापडाचे किती ताके वाचतात हे मला मालकानं कागदावर मांडून दाखवलं होतं, आणि त्याचं गणित बरोबर होतं. मात्र तो कपडा एकाच अंगासाठी असतो, तेही आजच्या.

म्हणून आज एखाद्या महागड्या दुकानात इरकली खणाचा, दिसायला अगदी साधा ब्लाउज बघितला की मी आधी तो उलटा करते. आत ओव्हरलॉक असेल तर तो माझ्या लेखी फॅशनचाच. साधेपणाची फॅशन, एवढंच. आणि अक्कानं माझ्या चुलतबहिणीला शिवून दिलेला भलत्याच फुग्यांचा ब्लाउज, ज्याच्याकडे बघून आता तिच्या नाती खिदळतात, तो अजून कपाटात आहे. फुगे काढून साध्या बाह्या लावून तिनं तो कित्येक वर्षं घातला. मुंढा तोच.

‘पूर्वापार’ म्हणून मिरवणाऱ्या गोष्टींबद्दलही मी थोडी सावध असते. ब्लाउज आणि निऱ्यांची पाचवारी साडी हीच मुळात एके काळची फॅशन. सत्येंद्रनाथ टागोर सनदी नोकरीत मुंबई इलाख्यात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी इथल्या पारशी बायकांची साडी नेसायची पद्धत बघितली, तीत बदल केले आणि 1860-70 च्या सुमाराला ती बंगालात नेली. तिथं तिला मुंबईची तऱ्हा म्हणूनच ओळखत. आपल्याकडच्या नऊवारीवाल्या आज्यांनीही गोल साडीला कमी नावं ठेवली नाहीत. आता तीच साडी सोज्वळपणाची खूण.

फॅशन घडवणाऱ्या वेशभूषाकार भानू अथय्या तर आमच्या कोल्हापूरच्याच. पूर्वाश्रमीच्या राजोपाध्ये. वडील चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांसाठी काम केलेले. त्या जे. जे. मध्ये शिकल्या आणि 1956 च्या ‘सी. आय. डी.’ सारख्या हिंदी चित्रपटांचे कपडे करू लागल्या. ‘वक्त’ मधला साधनाचा अंगाबरोबरचा चुडीदार त्यांचा. ‘ब्रह्मचारी’ (1968) मधली मुमताजची नारिंगी साडीही त्यांचीच, निऱ्या शिवून टाकलेली, चेन लावलेली, म्हणजे नाचताना सुटायची भीती नाही. पेठेत तशा साडीची मागणी आली तेव्हा अक्कानं ती शिवूनही दिली. कौतुकानं म्हणाली, ‘नाचायला झ्याक हाय.’ मग जरा थांबून, ‘पर पोटुशी ऱ्हायली की काय करंल?’ न शिवलेल्या साडीत माया आधीपासूनच असते, सगळीच्या सगळी. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

1983 मध्ये भानूताईंना जॉन मोलो यांच्या जोडीनं ‘गांधी’ साठी ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. मी सुटीला घरी होते, पेपर घेऊन अक्काकडे गेले. तिनं कपडे कसले ते विचारलं. खादी, धोतरं, पंचे, मी सांगितलं. अक्का हसत सुटली. ‘म्हंजी एवड्या नट्या नटिवल्या, आन् बक्षीस धोतराला!’ तिला त्यात गंमत वाटली, मला शिकवण. ज्या हातांनी चेन लावली त्याच हातांनी पंचा बसवला, आणि दोन्हीकडे आधी बघितलं ते अंगाच्या हालचालीकडे.

एका बाबतीत मात्र अक्काशी माझं जमलं नाही. बदलाची हौस तिला समजायची, पण तिचा आनंद तिला कधी झाला नाही. 1994 मध्ये ‘हम आपके हैं कौन’ लागला आणि माधुरीच्या जांभळ्या साडीवरच्या ब्लाउजसाठी सोप्यात पोरींची रीघ लागली. अक्का पैसे मोजून घेई आणि शिवून देई, पण आरशासमोर पाठ वळवून बघणाऱ्या त्या पोरींच्या तोंडावरचं तेज तिनं बघितलंच नसावं. ते टिकणारं नव्हतं, हे खरंच. टिकणार नाही म्हणून त्याची किंमत कमी असं मला म्हणवत नाही.

अक्का गेल्यावर तिच्या मुलानं खुंटीवरचे फर्मे मला दिले. तपकिरी कागद, कडा मऊ पडलेल्या. मुंढ्याचा फर्मा मी वर्गात ठेवला आहे, मुलं तो ठेवून कापतात. या वर्षी एका मुलीनं त्यावरून ब्लाउज केला: पाठ कमरेपर्यंत उघडी, एका खांद्याला फुगा, दुसऱ्याला काहीच नाही, आणि नाडीला घुंगरांचे लटकन. मी तिला हात वर करायला सांगितला. ब्लाउज जागचा हलला नाही. कुशीला दीड इंच माया, तीन शिलाया. तिला पूर्ण गुण दिले. अक्कानं घुंगरांचे वेगळे पैसे लावले असते.