चूल पेटती ठेवणाऱ्यांचं देणं

दुबईत मराठी माणसं गणपतीच्या आरतीला जमोत की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, तासाभरात बोलणं एकाच जागी येऊन थांबतं: परत कधी जायचं? मुलीची बारावी झाली की, फ्लॅटचं कर्ज फिटलं की, पन्नाशीला, साठीला. प्रत्येकाकडे एक तारीख असते आणि ती दर दोन-तीन वर्षांनी पुढे सरकते. मग माणसं स्वतःला दोष देतात, दिरहॅमचा मोह सुटत नाही असं म्हणतात, एकमेकांना टोचतात. मला या सगळ्या चर्चेची सुरुवातच चुकलेली वाटते. परत जाणं हे जाणाऱ्याने एकट्याने ठरवायचं असतं असं आपण धरून चालतो, पण परत जाता येईल अशी जागा मागे राहिलेल्यांनी राखलेली असते. त्यांनी राखणं सोडलं की तारीख कितीही पक्की असो, उतरायचं कुठे हा प्रश्न उरतोच. हे मला कळलं ते रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणसारख्या गावांचा इतिहास पाहून.

कुडपण बुद्रुक आणि कुडपण खुर्द ही सह्याद्रीच्या पार पोटातली गावं. रायगड, रत्नागिरी आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांच्या हद्दी तिथे जवळ येतात. भीमाची काठी हा सुळका आणि पावसाळ्यातले धबधबे पाहायला हल्ली लोक येतात, पण शेती पूर्वीचीच आहे: खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरी. एवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून या पट्ट्यातल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई गाठली. 1850 च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं कोकणाने आणि घाटाने गिरणगावाला माणसं पुरवली. यातल्या बहुतेक चाकरमान्यांनी ‘मी मुंबईत स्थायिक होतो’ असा निर्णय कधी घेतलाच नाही. गावाची एक खोली असायची. एका भावकीतले दहा-वीसजण तिच्यात राहायचे, पाळ्या वेगवेगळ्या म्हणून अंथरूणही पाळीने, ट्रंका भिंतीला लावलेल्या आणि जेवण खाणावळीत. आज दुबईच्या देरा किंवा सतव्यात फिरताना ‘बेडस्पेस’ लिहिलेले जे कागद दिसतात, त्यांच्यामागे तीच खोली आहे. मनीऑर्डरच्या जागी एक्स्चेंजच्या काउंटरची पावती आली, एवढाच फरक.

मनीऑर्डर गेली तिथे कोण होतं, याची नोंद आपण फार कमी ठेवली. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या, आणि त्या दशकात जिल्ह्याची एकूण लोकसंख्याच घटली होती. या आकड्याचा अर्थ शेतात दिसतो. भाताचा राब भाजायचा म्हणजे झाडावरून कवळ तोडून आणायची, वाळवायची, शेण-पालापाचोळ्याचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पावसाच्या आधी पेटवायचं. मग पेरणी, लावणी, बेणणी. बांध फुटला तर भर पावसात गुडघाभर चिखलात उभं राहून तो घालायचा. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला यायचा. साठीला तो गावी परतला तेव्हा ‘आपल्या जमिनीवर’ परतला असं सगळे म्हणाले. ती जमीन तीस-पस्तीस वर्षं जमीन राहिली, तिचं रान झालं नाही, याचं श्रेय त्याच्या घरच्या बाईचं होतं.

या राखणीची किंमत संकट आल्यावर कळते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. तो लांबत गेला तरी माणसं तग धरू शकली, कारण कित्येकांना जायला गाव होतं आणि गावात भात होता. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत बळकावलं. तेव्हा तिथल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मुंबईला आणावं लागलं. अनेकांची बँकेतली ठेव आणि दुकान तिकडेच राहिलं. परतीची तारीख त्यातल्या कुणीच ठरवलेली नव्हती. 2020 मध्ये टाळेबंदी लागल्यावर मुंबईचे चाकरमानी कोकणात उतरले, गावोगाव शाळांच्या खोल्यांमध्ये विलगीकरणात राहिले, आणि मेमध्ये ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली तशी आखातात नोकरी गेलेली माणसंही निघाली. गावात उघडं घर असलेला आणि नसलेला, या दोघांची ती वर्षं सारखी गेली नाहीत.

आखातातल्या माणसाने तर हे अधिक गंभीरपणे घ्यायला हवं. अमेरिकेतला मराठी माणूस ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभा असेल, पण त्या रांगेच्या शेवटी नागरिकत्व आहे. अमिरातीत पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि बहुसंख्यांचा निवासाचा परवाना नोकरीला बांधलेला आहे. नोकरी संपली की ठराविक मुदतीत दुसरी शोधा किंवा निघा. 2019 पासून गोल्डन व्हिसा आला, निवृत्तांसाठीही व्हिसा आहे, पण त्यांच्या अटी बांधकामावरच्या सुताराला किंवा दुकानातल्या कारकुनाला झेपणाऱ्या नाहीत. नोकरी सुटताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचं गणित पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचं मूळ वेतन आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी 30 दिवसांचं, असं आहे. मूळ वेतन तीन हजार दिरहॅम असलेल्याला वीस वर्षांनंतर साधारण साडेपंचावन्न हजार दिरहॅम हाती येतात, म्हणजे आजच्या भावाने बारा-तेरा लाख रुपये. एवढ्या पैशांत मुंबईच्या आसपास घर होत नाही. म्हणजे आखातातल्या बहुतेकांच्या बाबतीत परत जाणं ठरलेलंच आहे. तेव्हा त्याने विचार करायचा तो जागेचा.

आणि जागेच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे, तरी जमीन विकायला काढताना तो फार थोड्यांच्या ध्यानात असतो. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही; वारसाहक्काने मिळाली तर ठेवता येते. परत येऊन निवासी झाला तरी महाराष्ट्राच्या 1948 च्या कुळवहिवाट अधिनियमातलं कलम 63 समोर येतं: शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं, आणि शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे नावावरचा सातबारा. वाडवडिलांची शेवटची चार गुंठे वरकस ‘हिचा उपयोग काय’ म्हणून विकणारा माणूस स्वतःचं शेतकरीपणही त्यासोबत देऊन टाकतो, आणि ते पैशाने परत मिळत नाही. तिथे राहणारी चुलती किंवा धाकटा भाऊ खातं राखून असतो, सारा भरतो, तलाठ्याकडे खेपा घालतो, म्हणून दुबईतल्या माणसाचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे. वडील गेल्यावर वारसाची माहिती तीन महिन्यांत कळवायची असते. किती घरांत ती दहा-दहा वर्षं राहून जाते! मग पुढची पिढी येते, एका उताऱ्यावर तीस-चाळीस नावं होतात, आणि सही मागायला जायचं तर अर्धे सहहिस्सेदार कुठे आहेत हेही कुणाला सांगता येत नाही.

घराचंही तेच. कुडपणसारख्या ठिकाणी पाऊस किती, हे महाबळेश्वर पलीकडच्या डोंगरावर आहे एवढ्यावरून समजावं. तिथली वर्षाची सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर आहे. कौलारू घर दर उन्हाळ्यात शाकारावं लागतं: कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा आणि वासे ठोकून पाहायचे, कुजलेला बदलायचा, मग कौलं पुन्हा चढवायची. पण घर टिकवणारी सगळ्यात मोठी गोष्ट शाकारणीच्याही आधीची आहे, ती म्हणजे चुलीचा धूर. रोज चूल पेटणाऱ्या घराचे वासे काळे तुळतुळीत होतात आणि त्यांना वाळवी सहसा शिवत नाही. कुलूप लावलेल्या घरात दोन पावसाळ्यांत वारूळ भिंतीतून आढ्यापर्यंत चढतं. महागाचं कुलूप आणि भक्कम दरवाजा लावून परदेशी गेलेल्याचं घर आतून पोकळ होतं, आणि शेजारचं मोडकळीला आलेलं घर एक म्हातारी आत राहते म्हणून उभं असतं.

यावर लोक म्हणतात, पैसे तर पाठवतोच ना? पाठवतो, हे खरंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये परदेशातून भारतात आलेल्या रकमेत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता, 20.5 टक्के. मात्र ही रक्कम कुठल्या गावाला पोचली हे त्या आकड्यात नाही. पोलादपूर-महाडकडच्या माणसांचा पैसा गिरणीच्या काळात गावात तरी येत होता. आता तो विरार, बदलापूर, कामोठ्यातल्या फ्लॅटच्या हप्त्यात जातो. त्यात चूक काही नाही, मुलांना शाळा तिथे आहे, दवाखाना तिथे आहे. पण गाव राखणाऱ्याला जे पोचतं ते सणाला दिलेलं पातळ आणि अत्तराची बाटली. ते प्रेमाने दिलेलं असतं, तरी मोबदला म्हणून पुरेसं नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि मी तो टाळणार नाही. 22 जुलै 2021 नंतर महाड-पोलादपूरच्या माणसाला ‘गावी परत ये’ म्हणताना जीभ अडखळायला हवी. महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरड कोसळली. त्याच वर्षी जानेवारीत कुडपणजवळ वऱ्हाडाचा ट्रक दरीत कोसळला होता, म्हणजे रस्ता कसा आहे तेही सांगायला नको. अशा ठिकाणी पोरांना घेऊन या, असं मी कुणाला सांगणार नाही. काही वाड्या उठवाव्याच लागतील. पण मग वाडी उठवायची का, कुठे न्यायची, वरची जमीन कुणाच्या ताब्यात राहील, रस्त्याला कठडा कधी होणार, हे मांडलं जातं ग्रामसभेत, आणि तिथे हजर असतात तीच माणसं, जी त्या दरडीखाली झोपतात. धोका त्यांनी घ्यायचा, जागा त्यांनी राखायची आणि दुबईहून आपण व्हॉट्सॲपवर काळजी करायची, ही वाटणी न्यायाची नाही. धोका आहे हे राखणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचं कारण होऊ शकत नाही. उलट त्याच्याविषयीचं आपलं देणं त्यामुळे वाढतं.

तिसरा आक्षेप बायका घेतात, आणि मला तो सर्वांत पटतो. पुरुषांना म्हातारपणी परतायला बरं म्हणून बायकांनी गावात का खितपत पडावं? खितपत पडू नये. मागे राहणं हे काम मानलं तरच माझ्या म्हणण्याला अर्थ आहे, आणि कामाला मोल आणि मालकी दोन्ही लागतात. शेतकरी संघटनेने घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करून देण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ चालवली होती. तिचे नेते शरद जोशी स्वित्झर्लंडमधली, बर्नची आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले होते. परदेशातून परतलेल्या माणसाने मागे राहिलेल्या बाईचा हिशेब मांडला, हे मला फार मोलाचं वाटतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तरी अजून लग्नानंतर बहिणीकडून हक्कसोडीवर सह्या घेतल्या जातात. वीस वर्षं खाचर कसणाऱ्या भावजयीचं नाव उताऱ्यावर नाही आणि शारजातल्या दिराचं आहे, हे चित्र बदलायचं असेल तर सुरुवात शारजातल्या माणसाने करावी. स्वतःच्या हिश्शातलं थोडं तिच्या नावावर करून देणं त्याच्या हातात आहे.

मुलं येणारच नाहीत, मग हे सगळं कुणासाठी, असंही विचारलं जातं. मुलं कदाचित नाही येणार. पण त्यांच्या आयुष्यात 1990 किंवा 2020 येणार नाही अशी हमी कुणी देऊ शकत नाही, आणि आजोबांच्या उताऱ्यावर वारस म्हणून नाव लावून ठेवायला फार खर्चही येत नाही.

म्हणून परतीची तारीख ठरवण्याआधी परदेशातल्या कोकणी माणसाने सुट्टीची तारीख बदलून पाहावी. आपण गणपतीला जातो. तेव्हा गाव हिरवंगार असतं, घर सारवलेलं असतं, राखणीचं सगळं काम होऊन गेलेलं असतं. एखाद्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस जावं. दुबईतल्या भारतीय शाळा तेव्हा चालू असतात, त्यामुळे मुलांना नेता येणार नाही आणि रजा मिळवताना साहेबाशी वाद होईल, हे मान्य. पण 1 मेला ग्रामसभा असते, तलाठी कार्यालयात गर्दी तुलनेने कमी असते, राबाचं काम उरकत आलेलं असतं आणि कौलं उतरवलेली असतात. छपरावर चढायला माणूस मिळत नाही, ही या दिवसांतली गावातली मोठी अडचण आहे. दोन आठवडे खाली उभं राहून कौलं हातात देणारा एकजण जरी वाढला, तरी पहिल्या पावसाआधी आणखी एक घर शाकारून होतं.