घरचंच सोयाबीन

माझे खालाजाद भाऊ कळंब तालुक्यात सोयाबीन करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या आतड्याला रक्त पुरवणारी नस बंद पडली. आतडं काळं पडलं, बरंचसं काढावं लागलं. उरलेल्या तुकड्यात अन्न पचेना. मग मोठ्या शिरेतून जेवण सुरू झालं. त्यात साखर, प्रथिनांचे घटक, क्षार आणि दुधासारखी पांढरी एक पिशवी. ती कसली, विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "सोयाबीनचं तेल."

भाईजान हसले. "म्हणजे घरचंच की!"

काही महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले. मला कळेना, जे तेल आपण रोज फोडणीला घालतो ते बाधेल कसं?

डॉक्टरांनी समजावलं. वनस्पतींच्या तेलात स्टेरॉल असतात, कोलेस्टेरॉलचे चुलतभाऊच. तोंडावाटे गेले तर आतडं शंभरातले पाचही आत घेत नाही. चुकून शिरलेल्यांना आतडं आणि यकृत परत बाहेर काढतात. शिरेतून तेल गेलं की दारावरचा हा पहारेकरीच चुकतो. स्टेरॉल रक्तात साचतात, यकृतातून पित्त वाहायला अडथळा होतो. १९९३ साली लंडनच्या डॉक्टरांनी शिरेतून पोसल्या जाणाऱ्या आणि यकृत बिघडलेल्या मुलांच्या रक्तात हे स्टेरॉल खूप वाढलेले दाखवले. एवढंच कारण नसतं. नळीतून होणारा जंतुसंसर्ग, गरजेपेक्षा जास्त साखर, तोंडानं काहीच न खाणं, हेही यकृताला मारक.

भाईजानचं तेल कमी केलं. मासळीचं तेल मिसळलेली पिशवी आली. त्या तेलात हे स्टेरॉल जवळपास नसतातच. खालानं आधी विचारलं, "हलाल है ना?" मासळीचंच तेल म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. हळूहळू पिवळेपणा उतरला.

रमजानात भाईजानना रोजाची तळमळ लागली. मौलाना म्हणाले, आजाऱ्याला सवलत आहे, ती घ्या. सलाईननं रोजा तुटतो का, हे मी विचारलंच. आपल्याकडच्या बहुतेक हनफी उलेमांच्या मते नाही, कारण ते नेहमीच्या वाटेनं पोटात जात नाही. जेद्दाच्या फिकह अकादमीनं मात्र १९९७ मध्ये इंजेक्शनला मोकळीक देताना पोषण देणारं इंजेक्शन वगळलं. ऐकताना वाटलं, फिकहवाले आणि डॉक्टर एकाच प्रश्नापाशी उभे आहेत: काय गेलं एवढंच नव्हे, कोणत्या वाटेनं गेलं?

आता भाईजान थोडं थोडं तोंडानं खातात. आठवड्यातून काही रात्री पिशवी लागतेच. मासळीची पिशवी महाग. परवा सोयाबीनची पट्टी हातात घेऊन म्हणाले, "अख्ख्या पोत्याच्या पैशात एक रात्र निघत नाही गं."

जेवून उठताना अल्हम्दुलिल्लाह आपण घासासाठी म्हणतो. मी आता त्या पहारेकऱ्यासाठीही म्हणते.