सावलीवरून खडा

“मॅडम, आवाज तं काहीच येऊन नाही राह्यला,” टेबलावर पडलेली आजी म्हणाली. सोनोग्राफी म्हणजे आवाजानं काढलेला फोटो, असं नातवानं तिला घरून निघतानाच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ती कान देऊन पडली होती आणि मशीन बंद आहे की काय, अशी तिला शंका यायला लागली होती. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर 20,000 कंपनं कळतात. माझा पोटाचा प्रोब 35 लाखांवर काम करतो. हे आकडे आजीला सांगून काय उपयोग! मी म्हटलं, “आजी, ते तुमच्या पोटाशी बोलते, आपल्याशी नाही.” तिला पटलं. मलाही नंतर वाटलं की इतक्या वर्षांत याहून बरं उत्तर आपण कुणाला दिलेलं नाही.

बोलते म्हटलं खरं, पण मशीन बोलतं फारच कमी. प्रोबमधल्या स्फटिकांना विजेचा झटका बसला की ते थरथरतात. 1880 साली पिअर आणि जाक क्युरी या भावांनी याची उलट बाजू पाहिली होती: स्फटिक दाबला की त्यावर वीज येते. आमच्या प्रोबमध्ये दोन्ही चालतं. तोच स्फटिक तोंड आणि तोच कान. सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ तो बोलतो आणि मग गप्प राहून ऐकतो. 15 सेंटिमीटर खोलवरून परत येणाऱ्या आवाजासाठी त्याला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी साधारण 195 भाग थांबावं लागतं. (प्रोब हातातून पडला तर यातले काही स्फटिक कायमचे मुके होतात, पडद्यावर काळा उभा पट्टा येतो आणि त्या महिन्याची कमाई जाते. म्हणून माझ्या खोलीत प्रोबची वायर ओलांडून कुणी चाललेलं मला खपत नाही.)

लहानपणी उन्हाळ्यात कन्हान नदीचं पात्र आटलं की आम्ही वाळूत उतरायचो आणि जुन्या दगडी पुलाकडे तोंड करून ओरडायचो. हाक परत यायची. ती किती वेळानं आली यावरून पूल किती लांब आहे ते सांगता येतं, हे तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं. सोनोग्राफी म्हणजे एवढंच. फक्त एक गोम आहे, जी मला एमडीच्या अभ्यासापेक्षा आमच्या कामठीच्या हवेनं जास्त चांगली समजावली. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. मे महिन्यात 46 अंशाला तो सेकंदाला साधारण 359 मीटर भरतो, जानेवारीच्या पहाटे 10 अंशाला 337. म्हणजे 50 मीटरवरच्या भिंतीवरून हाक मे महिन्यात सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी लवकर परत येते. भिंत जागची हलत नाही. पण जो माणूस वर्षभर एकच वेग धरून हिशोब करेल, त्याला ती उन्हाळ्यात जवळ आलेली दिसेल.

माझं मशीन नेमका तोच माणूस आहे. शरीरात आवाज सगळीकडे सेकंदाला 1540 मीटरनं जातो, असं ते धरून चालतं. एक सेंटिमीटर खोल जाऊन यायला 13 मायक्रोसेकंद लागले, म्हणजे वस्तू एक सेंटिमीटरवर, विषय संपला. पण चरबीत आवाज 1450 च्या आसपास रेंगाळतो. पोटावर तीन सेंटिमीटर चरबी असेल तर आतलं यकृत मशीन दोनेक मिलिमीटर खालीच काढून दाखवतं. तेवढ्यानं कुणाचं काही बिघडत नाही. तरी पडद्यावरचं चित्र हे चित्र नसून वेळेचं गणित आहे, आणि ते गणित भोळं आहे, ही आठवण राहिलेली बरी.

हवा मात्र या धंद्याची खरी वैरीण. त्वचा आणि प्रोब यांच्यात कागदाएवढी जरी हवा राहिली, तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो. ते चिकट जेल त्यासाठी. डिसेंबरात त्याची बाटली मावशी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून ठेवतात, नाहीतर पेशंट टेबलावरून उडतो. आतड्यातल्या ग्यासचंही तेच. म्हणून गर्भाशय पाहायला लघवीची पिशवी भरून हवी असते. ती फुगली की आतडी वर सरकतात आणि पाण्यातून आवाज बिनबोभाट खाली पोचतो. कामठीच्या उन्हाळ्यात हे प्रकरण अवघड होतं. बायका लिटर-दीड लिटर पाणी पितात आणि ते सगळं घामावाटे जातं. बाकावर बसलेली एखादी दर दहा मिनिटांनी विचारते, “काऊन जी, अजून नाही भरली?” आणि एकदा भरली की मग तिचा नंबर यायला दोन मिनिटंही तिला सोसत नाहीत.

पित्ताशयासाठी उलट, उपाशी पोट. सकाळी तर्री-पोहे हाणून आलेला माणूस “फक्त चहा घेतला जी” म्हणतो, पण त्याचं आक्रसलेलं पित्ताशय तर्रीची साक्ष देतं.

खडा आम्ही ओळखतो तो खड्यावरून कमी, त्याच्या सावलीवरून जास्त. खड्यावर आदळलेला आवाज काही परत फिरतो, काही आत जिरतो. पलीकडे जायला उरतच नाही. मशीनला वाटतं, पलीकडे काही नाहीच. म्हणून खड्यामागे काळा पट्टा उमटतो. याच्या उलट, पाण्याच्या गाठीमागचा भाग जास्त उजळ दिसतो, कारण पाण्यात आवाज दमत नाही आणि मशीन मात्र तो दमला असेलच असं धरून त्याला वाढवून दाखवतं. दोन्ही गोष्टी खोट्या. पोटात ना तो काळोख आहे ना तो उजेड. पण माझं अर्धं निदान या खोट्यावरच चालतं.

प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी मी एका बाईच्या रिपोर्टात पित्ताशयाचा खडा लिहिला. पांढरी चकाकी होती, मागे सावली होती. सर्जननी ऑपरेशनआधी पुन्हा तपासणी करवली, तर पित्ताशय स्वच्छ. मी पाहिला तो शेजारच्या ड्युओडिनममधला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला, ग्यासचा बुडबुडा. त्याचीही सावली पडते, पण ती मळकी, धुरकट असते, कारण हवेवर आपटलेला आवाज पुन्हापुन्हा उसळ्या मारत राहतो. खड्याची सावली शाईसारखी स्वच्छ. हा फरक पुस्तकात होता आणि मी तो परीक्षेत लिहिलाही होता. सर्जन मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून मी कुणालाही उताणं ठेवून खडा लिहीत नाही. कुशीवर वळवते. पित्तात सुटा असलेला खडा घरंगळतो, ग्यास आपल्याच मर्जीनं फिरतो.

आमच्या भागात खडा कोवळ्या वयातही निघतो, तो सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे. लाल पेशी सतत फुटतात, त्यांचा रंग पित्तात उतरतो आणि गोठतो. 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन लेख आले होते: ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा पोटातल्या गाठी ध्वनिलहरींनी पाहण्याबद्दलचा आणि शुक्ला-सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दलचा. एकाच वर्षी, एकाच पत्रिकेत. पुस्तकं सांगतात की सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच वाळून जाते. इथल्या मुलांमध्ये ती कित्येकदा चांगली मोठी राहते. पुस्तक वाचून सावरून बसलेल्या विद्यार्थ्याला हे पहिल्यांदा दाखवायला मला आवडतं.

परवा असाच एक पोरगा आला, मिसरूड फुटलेला, उजव्या बाजूला दुखतं म्हणून. उताणं असताना पित्ताशयाच्या तोंडाशी एक चकाकी, मागे काळी रेघ. आई उशाशी उभी राहून पडद्याकडे माझ्यापेक्षा बारकाईनं पाहत होती. “वळ बेटा डाव्या कुशीवर,” मी म्हटलं. तो वळला. मी प्रोब दाबून धरला आणि श्वास रोखायला सांगितलं. चकाकी आधी हलली नाही. मग सावकाश, काळ्या पित्तातून ती खाली घसरली आणि तिच्याबरोबर तिची सावलीही.

“काय दिसलं?” आईनं विचारलं.